सुन यू : मूकपटासाठी गाणी लिहिणारा चिनी दिग्दर्शक

चांदणवेल

सहा तरणे गडी खांद्यावर दोर घेऊन रस्त्याचा अवजड रोलर ओढताहेत. दोर ताणलाय, पाय मातीत रुतलेत, सगळे एका ठेक्यात पुढे झुकतात आणि एका ठेक्यात श्वास सोडतात. आणि चेहरे? चेहरे हसरे. चित्रपट मूक आहे, संवाद पाटीवर लिहून येतात, पण या प्रसंगात मात्र त्यांचं गाणं चक्क ऐकू येतं. अधूनमधून नुसतेच हुंकार, ओझं ओढणाऱ्या माणसाच्या छातीतून निघतात तसे.

हा चित्रपट १९३४ सालचा, शांघायचा. त्याच्या नावाचा अर्थ 'मोठा रस्ता'. दिग्दर्शक सुन यू. त्या गाण्याचे शब्दही त्याचेच. गेले काही महिने मी या माणसाचे जे मिळतील ते चित्रपट पाहतेय. आपल्याकडे चिनी सिनेमा म्हटलं की मारामारीचे चित्रपट नाहीतर १९८० नंतरचे मोठे दिग्दर्शक एवढंच बोलणं होतं. सुन यूबद्दल मराठीत मला कुठे काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

सुन यू १९०० साली चोंगछिंगला जन्मला. घराणं सिच्वान प्रांतातल्या झीगोंगचं, जिथल्या मिठाच्या विहिरी प्रसिद्ध आहेत. शिक्षण आधी त्येनजिनच्या नानकाय शाळेत, मग पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) छिंगहुआमध्ये. तिथून १९२३ साली अमेरिकेला, विस्कॉन्सिन विद्यापीठात साहित्य आणि नाटक शिकायला. तिथे त्याचा जीव जडला तो आठव्या शतकातल्या ली बाय या कवीवर. चंद्र, मद्य, डोंगर, दूर गेलेले मित्र हे ली बायचे विषय. सुन यूनं त्याच्या कवितांचा अभ्यास केला, त्या इंग्रजीत आणल्या, आणि हा नाद पुढे आयुष्यभर सोडला नाही. मग न्यूयॉर्कला जाऊन कॅमेरा शिकला, कोलंबिया विद्यापीठात चित्रपटाचे वर्ग केले. चित्रपट ही कला परदेशात रीतसर शिकून आलेल्या पहिल्या चिनी दिग्दर्शकांपैकी तो एक. १९२६ मध्ये परतला, १९२८ मध्ये पहिला चित्रपट केला.

खरी सुरुवात १९३० साली झाली. त्या वर्षी 'ल्येनहुआ' ही नवी चित्रसंस्था उभी राहत होती. शांघायच्या पडद्यावर तेव्हा उडत्या तलवारी आणि भुताखेतांचा बाजार होता. सुशिक्षित माणूस देशी चित्रपटाला जातच नसे. ल्येनहुआनं ठरवलं, आजचा चीन दाखवायचा. सुन यूनं त्यांच्यासाठी लागोपाठ दोन चित्रपट केले. त्यातला दुसरा 'रानफुलं'. (नावांचे मराठी अर्थ मी माझ्या परीनं देतेय.) नायिका रुआन लिंगयू, नायक जिन येन. जिन येन मूळचा कोरियन. देश जपानच्या ताब्यात गेल्यावर घरच्यांबरोबर लहानपणीच चीनमध्ये आलेला. पुढे तोच चीनचा 'चित्रपटसम्राट' झाला.

'रानफुलं' मूकपट होता, तरी त्यात एक गाणं होतं! भावाच्या शोधात निघालेल्या बहिणीचं. शब्द सुन यूचे, चाल त्याच्या सख्ख्या भावाची, सुन छंगबीची. गायले स्वतः रुआन लिंगयू आणि जिन येन. गाणं मेणाच्या तबकडीवर मुद्रित केलं होतं आणि पडद्यावर तो प्रसंग आला की थिएटरात तबकडी लावायची. ओठ आणि आवाज जुळले पाहिजेत, सुई वेळेवर टेकली पाहिजे. चिनी चित्रपटातलं पहिलं गाणं म्हणून याचंच नाव घेतात. चीनचा पहिला बोलपट यायला अजून वर्ष होतं. आपला 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, म्हणजे साधारण त्याच काळात इथे प्रभातची मंडळी आवाजाशी झुंजत होती.

मला हे फार मोलाचं वाटतं. आवाजाची यंत्रं नाहीत, पैसा नाही, तरी या माणसाला माणसं गाताना दाखवायचीच होती. त्याच्या सगळ्या कामात हीच ओढ दिसते. त्याची माणसं गरीब असतात, लुबाडली जातात, युद्धात मरतात, पण ती हसतात, पळतात, पाण्यात उड्या मारतात, गातात. 'क्रीडाराणी' (१९३४) सुरू होतो तेव्हा नायिका बोटीनं शांघायला येते. बंदर लवकर दिसावं म्हणून ही पोरगी थेट बोटीच्या धुराड्यावर चढून बसते! ली लीलीनं ही भूमिका केलीय. इतकी मोकळी, अंगानं धट्टीकट्टी, उन्हातली नायिका त्या काळात दुसरीकडे कुठे होती?

लोक त्याला 'कवी दिग्दर्शक' म्हणत. काहींनी ते कौतुकानं म्हटलं, काहींनी टोचून. त्याबद्दल पुढे लिहीनच. कोणी पाहिलेत का त्याचे चित्रपट?

---

रानजाई

चांदणवेल, किती छान विषय! रुआन लिंगयूचं नाव ऐकून होते, ते फक्त तिच्या आत्महत्येमुळे. तिच्याबद्दल अजून लिही ना.

---

चांदणवेल

रानजाई, खरंय. ८ मार्च १९३५ ला ती गेली, अवघ्या चोविसाव्या वर्षी. महिला दिनाच्या दिवशी. वर्तमानपत्रांनी तिच्या खाजगी आयुष्याची लक्तरं काढली होती. त्यामुळे तिच्याबद्दल जे काही लिहिलं जातं ते तिच्या मरणापासूनच सुरू होतं, आणि मला त्याचा राग येतो. तिचं काम पाहावं.

'रानफुलं'मध्ये तिनं आई आणि मुलगी दोन्ही रंगवल्यात. दुष्काळातून पळालेली आई बर्फात पडलीय, तान्ह्याला पाजायला अंगात दूध नाही. ती स्वतःचं बोट चावते आणि ते रक्त बाळाच्या तोंडात देते. मुलगी जगते, पुढे शांघायला फुलं विकते.

पण सुन यूबरोबरचं तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'छोटी खेळणी' (१९३३). यात ती खेड्यातली येवहिनी. हातानं खेळणी करते, आणि तिची खेळणी सगळ्या पंचक्रोशीला आवडतात. एका शिकलेल्या तरुणाचं तिच्यावर मन बसतं. ती संसारी बाई. ती त्याला म्हणते, माझ्यामागे लागू नकोस, जा, शीक, आणि देशासाठी खेळण्यांचा कारखाना काढ. नंतर नवरा मरतो, लहानगा मुलगा पळवून विकला जातो. सरदारांच्या लढायांत गाव उजाडतं. ती मुलीला घेऊन शांघायला येते आणि १९३२ च्या जपानी हल्ल्यात ती मुलगीही जाते.

मध्येच एका ठिकाणी खेळण्यातल्या तोफा आणि विमानं पडद्यावर येतात आणि पाठोपाठ खऱ्या तोफा, खरी विमानं. एक शब्द न बोलता सगळं सांगून होतं. शेवटी नववर्षाची रात्र आहे, रस्त्यावर फटाके वाजताहेत. तिला वाटतं शत्रू आला. ती गर्दीत उभी राहून ओरडते, जागे व्हा, पळू नका, लढा. लोक थबकून बघत राहतात. काहींच्या लेखी ती वेडी बाई. रुआन लिंगयूचा तो चेहरा पाहा, आणि मग मला सांग की ती फक्त तिच्या मरणासाठी आठवावी का.

---

पेटीमास्तर

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी गाण्याच्या बाजूनं थोडी भर घालतो.

'मोठा रस्ता'मधल्या ज्या गाण्याचा उल्लेख केलात, त्याची चाल न्ये अर या तरुणाची. हा मुलगा युन्नानचा, फावल्या वेळात व्हायोलिन घासणारा. नोकरी लागली ती संगीतकार ली जिनह्वेच्या 'मिंगयुए' म्हणजे 'लख्ख चंद्र' या नाचगाण्याच्या कंपनीत. आणि गंमत बघा, ली लीली आणि वांग रेनमेई या सुन यूच्या दोन्ही लाडक्या नायिका त्याच कंपनीतल्या. ल्येनहुआनं १९३१ साली ती कंपनीच आपल्यात घेतली. त्यामुळे सुन यूला नटी अशा मिळाल्या ज्यांना गाता येतं, नाचता येतं, आणि कॅमेऱ्यापुढे अंग चोरायचं माहीत नाही.

रस्ता बांधणाऱ्या मजुरांचं गाणं करायचं तर न्ये अर शांघायबाहेर च्यांगवानला मजुरांच्या कामावर जाऊन बसला, त्यांचे हुंकार ऐकले. त्याचा परिणाम चालीत दिसतो. ओळ म्हटली की पुढची मात्रा हुंकाराची, ती ओढण्याची मात्रा. तिथे शब्द घालून चालत नाही, कारण दम तिथे खर्च होतो. सुन यूनं शब्द लिहिताना ती जागा रिकामी ठेवलीय. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी दळताना ऐकल्यात त्यांना हे लगेच कळेल. जातं जड फिरतं तिथे बाईचा स्वर लांबतो, शब्द थांबतो. नुसतं टेबलाशी बसून गाणी लिहिणाऱ्याला हे सुचत नाही.

न्ये अरनं पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका चित्रपटासाठी त्येन हानच्या शब्दांना चाल दिली. तेच आजचं चीनचं राष्ट्रगीत. आणि १७ जुलै १९३५ ला जपानमध्ये समुद्रात पोहताना तो बुडाला. वय २३. रुआन लिंगयू मार्चमध्ये, हा जुलैमध्ये.

---

चांदणवेल

पेटीमास्तर, रिकाम्या जागेचं तुम्ही सांगितलंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता गाणं पुन्हा ऐकताना तेवढंच ऐकू येतंय. फार फार आभार.

---

कातळशिल्प

लेख आवडला, पण मी थोडं वेगळं बोलणार आहे.

मी सुन यूचा 'पहाट' (१९३३) पाहिलाय. खेड्यातली पोरगी शहरात येते, गिरणीत लागते, मालकाचा पोरगा तिच्यावर जबरदस्ती करतो, तिला वेश्या व्हावं लागतं, आणि शेवटी ती क्रांतिकारकांना मदत करते म्हणून तिला गोळ्या घालतात. इथवर ठीक. पण मरताना ती सैनिकांना सांगते की मी छान हसेन तेव्हा गोळ्या झाडा! नटूनथटून, हसून मरते. मला ते पटलं नाही. इतकं सोसलेल्या बाईच्या मरणाला असं देखणं करणं म्हणजे त्या सोसण्याची किंमत कमी करणं. शिवाय हा शेवट त्या वेळच्या एका हॉलिवूड चित्रपटाच्या फार जवळचा आहे.

'मोठा रस्ता'बद्दलही तेच. मजूर सगळे पैलवानासारखे. खडी फोडणाऱ्या माणसाचं अंग असं नसतं. माझे आजोबा रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांच्याकडची माणसं चाळिशीत म्हातारी दिसायची. कवी असावं, पण गरिबीला सुंदर करू नये.

---

चांदणवेल

कातळशिल्प, तुमचा आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे. त्याच्या काळच्या डाव्या समीक्षकांनीही त्याला हेच ऐकवलं. स्वप्नाळू, भाबडा, वास्तवापासून लांब. हॉलिवूडचं म्हणाल तर तेही बरोबर. हॉलिवूडची नटी मार्लीन डीट्रिख हिच्या त्या चित्रपटाची छाया 'पहाट'वर स्पष्ट आहे. मी ते नाकारणार नाही.

पण मला काय वाटतं ते सांगते. १९३१ मध्ये जपाननं मांचुरिया घेतला. १९३२ च्या जानेवारीत शांघायवर बाँब पडले. सरकारी धोरण असं की जपानचं नावही घ्यायचं नाही, सेन्सॉर कात्री लावायचा. म्हणून 'मोठा रस्ता'मध्ये शत्रू नुसताच 'शत्रू' आहे, कोणाचा ते सांगितलेलं नाही. अशा वेळी सिनेमावाल्यापुढे दोन वाटा होत्या. लोकांना रडवून घरी पाठवायचं, नाहीतर त्यांना त्यांचंच बळ दाखवायचं. रडवणारे पुष्कळ होते, आणि त्यातले काही फार मोठेही होते. त्साय चूशंगचा मच्छीमारांवरचा चित्रपट शांघायला ८४ दिवस चालला आणि मॉस्कोला बक्षीस घेऊन आला. सुन यूनं दुसरी वाट धरली. त्यानं जाणूनबुजून धडधाकट अंगं, उघडे पाय, खदखदून हसणारे चेहरे दाखवले. 'पूर्व आशियाचा रोगी माणूस' असं चीनला हिणवलं जायचं. त्या शब्दांना त्याचं हे उत्तर होतं. आजोबांच्या हाताखालची माणसं चाळिशीत म्हातारी दिसायची, ते खरंच. सुन यूला ती माणसं कशी व्हायला हवीत ते पडद्यावर आणायचं होतं.

याच चित्रपटात एक जागा आहे. मजूर नदीत उघडे पोहताहेत आणि दोन पोरी, दिंगश्यांग आणि मोली, टेकाडावरून त्यांना बघून हसताहेत. लाज नाही, चोरी नाही. मोली मग एकेका गड्याबद्दल सांगते, हा मला का आवडतो, तो का आवडतो. १९३४ साल! बाई पुरुषांकडे बघतेय, आनंदानं बघतेय, आणि दिग्दर्शक तिला शिक्षा करत नाही.

शेवटी शत्रूचं विमान येतं आणि गोळीबारात सगळे मरतात, मोलीसुद्धा. एकटी दिंगश्यांग उरते. तिला दिसतं की मेलेली माणसं पुसट, पारदर्शक होऊन आपापल्या प्रेतांतून उठताहेत, पुन्हा दोर खांद्यावर घेताहेत, गाणं पुन्हा सुरू झालंय. एका चित्रावर दुसरं चित्र चढवायची साधी करामत. मला तिथे दरवेळी गलबलतं. तुम्हाला हे भाबडं वाटलं तर मी वाद घालणार नाही. पण खोटं नाही हो वाटत मला ते. तीन वर्षांनी खरं युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रह्मदेशापर्यंतचा रस्ता युन्नानच्या लोकांनी, म्हातारी माणसं, बाया, पोरांनी, जवळजवळ हातांनी बांधला. तिथेही दगडी रोलर माणसंच ओढत होती.

---

कातळशिल्प

मृत्यूच्या हास्याबद्दल माझं मत तेच राहील. पण 'रोगी माणूस' हा संदर्भ मला माहीत नव्हता. त्या उजेडात 'मोठा रस्ता' पाहतो. ब्रह्मदेशच्या रस्त्याचा उल्लेख वाचून आजोबांचा जुना फोटो काढून बसलो.

---

मेंडोटाकाठ

मी गेली सहा वर्षं मॅडिसनला आहे, सुन यू शिकला त्याच विद्यापीठात संशोधन करतो. हा माणूस इथे होता हे आज या धाग्यामुळे कळलं. संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला गेलो होतो. हिवाळ्यात हे तळं पार गोठतं, लोक त्यावरून चालत जातात. इतक्या लांब, अशा थंडीत, विशी ओलांडलेला एक मुलगा बाराशे वर्षांपूर्वीच्या आपल्या कवीला दुसऱ्या भाषेत आणायला बसतो. परदेशात आल्यावरच मी स्वतः तुकारामाची गाथा पहिल्यांदा नीट वाचली. त्यामुळे हे मला आतून कळतंय.

चांदणवेल, ते भाषांतर पुढे प्रसिद्ध झालं का?

---

चांदणवेल

हो! १९८२ साली हाँगकाँगहून. तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. अर्धं शतक पोटाशी धरलं त्यानं ते काम.

---

सोलापुरी

आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव इथे यायलाच हवं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं ते याच युद्धात. येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर, पोचण्याआधी ते चोंगछिंगला थांबले होते. सुन यूचं जन्मगाव, आणि तेव्हा युद्धकाळातली राजधानी. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्येच गेले, आणि शांताराम बापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केला. त्या वर्षांत सुन यू काय करत होता?

---

चांदणवेल

सोलापुरी, चांगली आठवण केलीत. शांघाय पडल्यावर पुष्कळ कलावंत आत, चोंगछिंगकडे गेले, सुन यूही. तिथे त्यानं दोन युद्धपट केले. एक वैमानिकांवरचा, 'आभाळ हजारो मैल' अशा अर्थाचा. त्यात जिन येन आणि वांग रेनमेई. दुसरा १९४१ चा, 'अग्निदीक्षा'. फिल्म मिळायची मारामार, वरून बाँब. अशात जे झालं ते झालं.

पण त्याच्या पुढच्या आयुष्याची गाठ चोंगछिंगलाच पडली. १९४४ मध्ये ताओ शिंगची या मोठ्या शिक्षणतज्ज्ञानं त्याच्या हातात वू शुनच्या चरित्राचं एक पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, यावर चित्रपट कर.

---

ओसरी

वू शुन कोण? नाव ऐकलंय असं वाटतंय. काहीतरी बंदी वगैरे?

---

चांदणवेल

ओसरी, हे सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळं फिरलं.

वू शुन (१८३८-१८९६) हा शांतुंग प्रांतातला भिकारी. लहानपणी घरकाम करायचा, अक्षर येत नाही म्हणून मालकानं हिशेबात फसवलं, वर मारलं. त्यानं ठरवलं, गरिबांच्या पोरांसाठी फुकट शाळा काढायची. पैसे भीक मागून. रस्त्यावर उभा राहायचा आणि लोकांना सांगायचा, मला बुक्की मारा, इतके पैसे द्या. लाथ मारा, त्याहून थोडे जास्त. पोरांचा घोडा व्हायचा. खाण्यासारखं नसलेलं खाऊन दाखवायचा. तीस वर्षं असं करून पैसा जमवला, जमीन घेतली, तीन शाळा काढल्या. शिक्षक झोपलेला दिसला तर तो काही बोलत नसे. त्याच्यापुढे गुडघे टेकून तो जागा होईपर्यंत बसायचा. स्वतः शेवटपर्यंत निरक्षर.

सुन यूला ही गोष्ट का भावली ते मला समजतं. धुराड्यावर चढणारी पोरगी, रोलर ओढणारे गडी आणि मार खात हसणारा हा भिकारी, सगळे एकाच जातीचे. चित्रीकरण १९४८ मध्ये सुरू झालं, पैशाअभावी बंद पडलं. मग कुनलुन या खाजगी चित्रसंस्थेनं ते विकत घेतलं. तोवर १९४९ उजाडलं होतं, राज्य बदललं होतं. नव्या काळाला पटावं म्हणून सुन यूनं पटकथा बदलली. आधी नव्या चीनमधली एक शिक्षिका मुलांना वू शुनची गोष्ट सांगते, असं घातलं. वू शुनबरोबर एक बंडखोर शेतकरीही आला, म्हणजे नुसत्या भिकेनं काही होत नाही हेही सांगून झालं. वू शुन केला होता जाव दाननं, शिक्षिका त्याची बायको ह्वांग झोंगयिंगनं. १९५० च्या अखेरीस चित्रपट पुरा झाला, १९५१ च्या सुरुवातीला लागला. लोकांनी डोक्यावर घेतला. पेकिंगला खुद्द पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पाहिला.

आणि २० मे १९५१ ला 'पीपल्स डेली' या पक्षाच्या मुखपत्रात अग्रलेख आला. मजकुराचा मुख्य भाग माओचा होता. म्हणणं असं की देश परकीयांविरुद्ध, सरंजामशाहीविरुद्ध लढत असताना या माणसानं तिच्या केसालाही धक्का लावला नाही, उलट तिच्यापुढे लोटांगण घातलं. अशा माणसाची स्तुती करणाऱ्या चित्रपटाची स्तुती होतेच कशी? स्तुती करणाऱ्यांची नावंसुद्धा छापली होती. नव्या चीनमध्ये एका चित्रपटाविरुद्ध देशभर उठलेली ही पहिली मोहीम. ज्यांनी आदल्या महिन्यात कौतुक केलं त्यांनी माफीपत्रं लिहिली. आठवड्याभरात सुन यूचा स्वतःच्या चुका कबूल करणारा लेख छापून आला. वू शुनच्या गावी चौकशी पथक गेलं, त्यात माओची पत्नी च्यांग छिंगही होती. निष्कर्ष ठरलेलाच होता.

त्यानंतर सुन यूचं नाव पडद्यावर यायला १९५७ साल उजाडलं. नंतर मोजके दोन-तीन चित्रपट, त्यातला एक सुतारांचा आदिपुरुष लू बान याच्यावरचा. मग थांबलंच. सांस्कृतिक क्रांतीत वू शुनची कबर उकरून अवशेष जाळले. जाव दाननं पाच वर्षं तुरुंग भोगला. 'मोठा रस्ता'मधला एक मजूर, जंग जुनली, तुरुंगातच मेला. तोही पुढे मोठा दिग्दर्शक झाला होता.

१९८५ मध्ये हू छ्याओमू या वरिष्ठ पक्षनेत्यानं जाहीरपणे म्हटलं की ती टीका एकांगी, टोकाची आणि रांगडी होती. सुन यू तेव्हा ८५ वर्षांचा होता, त्याला ते ऐकायला मिळालं. जाव दान पाच वर्षांपूर्वीच गेला होता. सुन यू ११ जुलै १९९० ला शांघायला वारला. त्याआधी आत्मचरित्र लिहून गेला. चित्रपटाची डीव्हीडी चीनमध्ये निघायला २०१२ साल लागलं, तीही 'संशोधनासाठी' असा शिक्का मारून.

मी चित्रपट पाहिलाय. थोडा लांबलाय, जोडलेला भाग जोडलेलाच वाटतो. बदलत्या हवेचा अंदाज घेत पटकथेत ठिगळं लावावी लागली, आणि ठिगळं लावूनही उपयोग झाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण जाव दानचा तो मार खाताना हसणारा चेहरा मनातून जात नाही.

---

ओसरी

वाचून सुन्न झाले. माझी आजी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेली. भिकेच्या पैशातून धर्मशाळा उभ्या करणारा, स्वतः खापरात खाणारा माणूस, आणि सगळ्यांना सांगणं एकच, पोरांना शिकवा, प्रसंगी जेवणाचं ताट मोडा पण शिकवा. वू शुनचं वाचताना तेच डोळ्यांपुढे आले. आपण त्यांची जयंती करतो. तिथे कबर उकरली.

---

पेटीमास्तर

ओसरीताई, अगदी हेच मनात आलं होतं.

चांदणवेल, ली लीलीबद्दल एक राहिलं. तिचे वडील छ्यान च्वांगफेई हे कम्युनिस्टांचे गुप्तहेर, राष्ट्रवादी सरकारच्या हेरखात्यात बसलेले. १९३१ मध्ये एक मोठा नेता फितूर झाला, ती बातमी यांनी वेळेवर पोचवली म्हणून चौ एन-लाय वाचले. वडील भूमिगत झाले. मुलीला ली जिनह्वेनं त्याआधीच मानसकन्या केलं होतं, आडनावही त्याचंच लावलं होतं. पडद्यावर ती हसरी पोरगी दिसते, तिच्या मागे घरी हे चाललेलं. कातळशिल्प, त्या हसण्याकडे या बाजूनंही बघा जरा.

---

घाटवाट

सगळा धागा एका बैठकीत वाचला. हे चित्रपट मिळतात कुठे? चिनी येत नाही, अडचण येईल का?

---

चांदणवेल

घाटवाट, यूट्यूबवर बहुतेक आहेत, इंग्रजी पाट्यांसकट. चिनी न येणाऱ्यालाही मूकपट कळतोच. सुरुवात 'क्रीडाराणी'नं करा, तो हलका आहे. मग 'छोटी खेळणी', मग 'मोठा रस्ता'. 'पहाट' त्यानंतर. 'रानगुलाब'ही (१९३२) सोडू नका, अनवाणी पळणारी वांग रेनमेई त्यात आहे. 'वू शुन' सगळ्यात शेवटी पाहा, आधीची माणसं ओळखीची झाल्यावर. प्रती जुन्या आहेत, ओरखडे आहेत. दिवे मालवून बघा.

---

रानजाई

चांदणवेल, रविवारी दुपारी 'छोटी खेळणी' पाहिला. सासूबाई बाजूला भाजी निवडत बसल्या होत्या, त्याही हळूहळू टीव्हीकडे सरकल्या. त्यांना इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत, मी वाचून सांगत होते. अर्ध्यानंतर सांगायची गरजच पडेना.

तू एक प्रसंग लिहिला नाहीस, मुद्दाम लिहिला नसशील. मुलगी गेल्यावर येवहिनी रस्त्याकडेला खेळणी विकत बसते. गणवेशातला एक गोंडस, श्रीमंताघरचा मुलगा येतो आणि तिच्याकडून खेळणं घेतो. तो तिचाच मुलगा आहे, पळवून विकलेला. तिला माहीत नाही, त्यालाही नाही. ती त्याच्याकडे बघून हसते. तो पैसे देतो आणि जातो.

सासूबाईंनी हातातली गवार ताटात टाकली आणि मला म्हणाल्या, "अगं, कुणीतरी सांगा की तिला."